जुनी स्टील गिटार विकत घेण्यापूर्वी: तिचे अस्सलपण कसे पडताळावे

जुनी स्टील गिटार विक्रीला निघाली की जाहिरातीत 'ओरिजिनल' हा शब्द हमखास असतो, आणि नवखा खरेदीदार तो शब्द एकाच प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचतो. प्रत्यक्षात त्या एका शब्दात निदान सहा-सात प्रश्न दडलेले असतात: बॉडी मूळची आहे का, तिच्यावरचे रोगण कारखान्यातलेच आहे का, पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारी तारेची गुंडाळी व चुंबक) कधी बदलला किंवा पुन्हा गुंडाळला गेला का, आतले पॉट (आवाज व टोन कमीजास्त करणारे फिरते भाग) आणि वायरी कोणत्या काळातल्या आहेत, खुंट्या, नट आणि ब्रिज (तारांना दोन टोकांना आधार देणारे भाग) कोणाचे आहेत, आणि हे सगळे भाग एकाच वाद्याचे आहेत की दोन मोडक्या वाद्यांतून जमवलेले आहेत. विक्रेता बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. त्याला त्यांतल्या दोन-तीन प्रश्नांचीच उत्तरे ठाऊक असतात आणि उरलेल्यांची तो गृहीत धरतो. म्हणून खरेदीदाराने प्रत्येक भागाची स्वतंत्र तपासणी करून स्वतंत्र नोंद ठेवावी, आणि सर्व नोंदी एकमेकींशी जुळतात का ते शेवटी पाहावे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: समोर कोणत्या जातीचे वाद्य आहे ते ओळखणे

स्टील गिटार मांडीवर किंवा पायांच्या चौकटीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातातल्या धातूच्या बारने वाजवतात. हे वादनतंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रूढ झाले आणि त्याचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते. तारा फ्रेटवर दाबायच्या नसल्यामुळे त्या उंच बसवलेल्या असतात आणि फ्रेट हे केवळ बार कुठे ठेवायचा हे दाखवणाऱ्या खुणा असतात. पुष्कळदा तर ते नुसते रंगवलेले किंवा छापलेले असतात. ही गोष्ट पुढे झीज वाचताना फार उपयोगी पडते.

ढोबळमानाने चार कुळे लक्षात ठेवावीत. पहिले कुळ लाकडी ध्वनिपेटीच्या हवाईयन गिटारींचे. त्यांत लॉस एंजेलिसच्या हर्मन वाइसनबॉर्न यांच्या, १९२० च्या दशकातल्या, कोआ लाकडाच्या आणि पोकळ नेकच्या गिटारी सर्वांत नावाजलेल्या आहेत. दुसरे कुळ ॲल्युमिनियमच्या पातळ शंकूने आवाज वाढवणाऱ्या रेझोनेटर गिटारींचे. नॅशनल कंपनी १९२७ मध्ये आणि डोब्रो १९२८ मध्ये सुरू झाली. तिसरे कुळ विजेवरच्या लॅप स्टील गिटारींचे आणि त्यांच्याच दोन, तीन किंवा चार नेक एकत्र असलेल्या कन्सोलचे. चौथे कुळ पेडल स्टीलचे, ज्यात पायांनी व गुडघ्यांनी तारांचा स्वर वरखाली करता येतो. प्रत्येक कुळात फसगतीच्या जागा वेगळ्या असतात. वाद्याचे कुळच कळले नसेल तर पुढच्या कोणत्याही पायरीला अर्थ उरत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. साध्या स्पॅनिश गिटारच्या नटवर धातूची उंच टोपी बसवून तिला हवाईयन पद्धतीने वाजवण्याची सोय पूर्वीपासून आहे, आणि त्यात गैर काही नाही. मात्र गोल नेकची अशी गिटार 'मूळची हवाईयन' म्हणून विकली जात असेल, तर नट टोपीचा आहे की एकसंध, हे सर्वांत आधी विचारावे.

दुसरी पायरी: दावे लिहून घेणे आणि छायाचित्रे मागवणे

विक्रेत्याने सांगितलेले साल, मॉडेल, बदललेले भाग आणि दुरुस्त्या हे सगळे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. 'सगळे मूळचे आहे' या वाक्याऐवजी 'पिकअप कधी काढला होता का', 'मागची प्लेट तुम्ही स्वतः उघडून पाहिली आहे का', 'खुंट्यांच्या आसपास जास्तीची भोके आहेत का' असे नेमके प्रश्न विचारावेत. 'मी उघडून पाहिलेले नाही' हे उत्तर प्रामाणिक असते आणि 'खात्री आहे, सगळे मूळचेच आहे' या उत्तराहून पुष्कळ उपयोगाचेही असते.

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढलेली असावीत. पुढची व मागची पूर्ण बाजू, हेडस्टॉक दोन्ही अंगांनी, अनुक्रमांक, नट, ब्रिज, पिकअप जवळून, चारही कडा, आणि शक्य असल्यास कंट्रोल प्लेट उघडून आतला भाग एवढे मागितल्यास कोणताही समंजस विक्रेता नाराज होत नाही. कडांचे फोटो नवखी माणसे मागत नाहीत. पण नवे रोगण, जोड आणि बुजवलेली भोके सर्वांत आधी कडेलाच दिसतात.

तिसरी पायरी: रोगण आणि त्याखालचा रंग

लाकडी बॉडीच्या बहुतेक जुन्या अमेरिकन स्टील गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असे. हे लॅकर काळाबरोबर पिवळसर होते, पातळ होते आणि थंडी-उन्हाच्या फेऱ्यांनी त्याला बारीक भेगा पडतात. खऱ्या भेगा अनियमित असतात, बहुधा लाकडाच्या रेषांना आडव्या जातात आणि जवळून पाहिल्यास त्यांत वर्षानुवर्षांचा मळ बसलेला दिसतो. सगळीकडे सारख्या अंतरावर, सारख्या लांबीच्या आणि स्वच्छ भेगा दिसल्या तर त्या मुद्दाम पाडलेल्या असण्याची शक्यता धरावी.

सर्वांत खात्रीची जागा मात्र पृष्ठभागावर नसते. ती एखाद्या प्लेटच्या किंवा खुंटीच्या खाली असते. विक्रेत्याच्या परवानगीने एखादी छोटी प्लेट सैल करून पाहावी. मूळ रोगण असेल तर झाकलेल्या भागात रंग ताजा आणि उघड्या भागात फिकट किंवा पिवळट दिसतो, आणि त्या दोहोंमधली सीमा प्लेटच्या कडेशी तंतोतंत जुळते. वाद्य नंतर रंगवलेले असेल तर ही सीमा दिसत नाही, किंवा नवा रंग स्क्रूच्या भोकांत उतरलेला असतो, किंवा प्लेट काढताना तिच्या कडेला साचलेल्या रोगणाची कंगोऱ्यासारखी रेघ उभी राहते. कंपनीच्या नावाचा डिकॅल (चिकटवलेला छाप) मूळच्या रोगणाच्या थरात बसलेला आहे की नव्या चकचकीत थराखाली गाडलेला आहे, हेही याच वेळी पाहावे.

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरल्यास जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळसर चमकते. नंतर केलेली डागडुजी त्या चमकेत काळ्या किंवा निळसर ठिगळासारखी उठून दिसते. हा दिवा छोटा आणि स्वस्त असतो, आणि माझ्या मते या विषयात पडणाऱ्याने सर्वांत आधी घ्यावे असे साधन तेच आहे. मात्र त्याच्यावर एकट्याने विसंबू नये, कारण मेणाचे पॉलिश आणि जुना घामाचा थर यांच्यामुळेही चमक बदलते.

रोगणाला एवढे महत्त्व देण्याचे कारण व्यवहाराचे आहे: जुन्या गिटारींच्या बाजारात पुन्हा रंगवलेल्या वाद्याची किंमत मूळ रोगणाच्या तशाच वाद्याच्या साधारण निम्म्यावर येते, असा ढोबळ अंदाज धरला जातो. वाजवण्यात मात्र काडीचाही फरक पडत नाही. ज्याला संग्रह करायचा नसून वाजवायचे आहे, त्याने योग्य किमतीत मिळालेली पुन्हा रंगवलेली स्टील गिटार आनंदाने घ्यावी.

मोत्यासारखी चमक असलेल्या प्लास्टिकने मढवलेल्या अनेक स्वस्त लॅप स्टील १९३० ते १९५० च्या दशकांत विकल्या गेल्या. हे आवरण सेल्युलॉइडचे असते. ते आकसते, कडेला उचलले जाते आणि त्यातून निघणाऱ्या वायूने शेजारचे धातूचे भाग गंजतात. अशा वाद्यावर सगळीकडे सारखे, कडा घट्ट बसलेले, पांढरे आवरण असेल तर ते नवे आहे का ते विचारावे.

चौथी पायरी: झीज वाचणे

स्पॅनिश गिटारची झीज पाहण्याची सवय असलेला माणूस इथे चुकतो. स्टील गिटारच्या फ्रेटबोर्डावर बोटांमुळे खळगे पडत नाहीत, कारण बोटे तिथे टेकतच नाहीत. झीज दिसायला हवी ती उजव्या तळहाताच्या जागी. वादक तारा दाबून आवाज थांबवताना हाताची कड ब्रिजच्या आसपास वारंवार टेकवतो, त्यामुळे ब्रिजवरच्या झाकणाचा निकेल किंवा क्रोमचा मुलामा तेवढ्याच पट्ट्यात मंद होतो आणि कधी खालचा पितळी रंग डोकावतो. दुसरी जागा पाठीची. मांडीवर ठेवलेल्या वाद्याच्या पाठीला कमरपट्ट्याच्या बक्कलाचे आणि बटणांचे ओरखडे पडतात. तिसरी खूण म्हणजे हातातून निसटलेल्या बारने पडलेल्या टवक्यांची. त्या फ्रेटबोर्डाच्या कडेला आणि पिकअपजवळ सापडतात.

या तीन जागा कोऱ्या आणि हेडस्टॉक मात्र घासून जीर्ण, असे दिसले तर थांबून विचार करावा. झीज एकमेकींना धरून असते: मुलामा उडालेला ब्रिज आणि त्याच्या शेजारी काचेसारखी चमकणारी पिकअपची पट्टी ही दोन वेगवेगळी आयुष्ये आहेत.

पाचवी पायरी: स्क्रू, खुंट्या आणि झाकणे

फुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात उद्योगात येऊ लागले. त्यामुळे १९३३ ची म्हणून विकल्या जाणाऱ्या वाद्यावर सगळे स्क्रू फुलीचे असतील तर ते नंतर घातलेले आहेत. एखादा हरवलेला स्क्रू बदललेला असणे स्वाभाविक आहे. पण स्क्रूच्या डोक्यावरचा गंज आणि त्याखालच्या प्लेटचा गंज सारखा नसेल तर तो स्क्रू काढून भोक पाहावे. भोकाच्या शेजारी काडी आणि गोंद घालून बुजवलेले दुसरे भोक असेल, तर त्या जागी पूर्वी वेगळा भाग होता.

खुंट्यांबाबतही पाठीमागच्या खुणाच बोलतात. मूळच्या खुंट्यांचा ठसा रोगणात उमटलेला असतो आणि बदललेल्या खुंट्या तो ठसा क्वचितच पूर्ण झाकतात. क्लूसन कंपनीच्या 'डीलक्स' खुंट्या अनेक अमेरिकन वाद्यांवर सापडतात. त्यांच्या मागच्या झाकणावर आधी काहीच छापलेले नसे, पुढे नाव एका उभ्या ओळीत आले आणि त्यानंतर दोन ओळींत. खुंट्या आणि वाद्याचे सांगितलेले साल यांचा मेळ बसतो का, हे पाहण्यासाठी एवढा क्रम पुरतो. जुन्या प्लास्टिकच्या कळ्या आकसून भुगा होतात, म्हणून नुसत्या कळ्या बदललेल्या असतील तर ती देखभाल समजावी, दोष नव्हे.

ब्रिज आणि पिकअप यांवरची धातूची झाकणे अनेक वादकांनी अडचण होते म्हणून काढून ठेवली आणि ती हरवली. झाकण नसेल पण त्याच्या स्क्रूची भोके असतील, तर ते झाकण मूळचे मिळवायला किती खर्च येईल याचा अंदाज किंमत ठरवण्याआधी घ्यावा.

सहावी पायरी: आत पाहणे

विजेवरच्या स्टील गिटारविषयी सर्वांत भरवशाची माहिती कंट्रोल प्लेटच्या आत असते. आवाज आणि टोन यांचे पॉट, कपॅसिटर, वायरी आणि सोल्डरचे डाग या चार गोष्टी नीट पाहिल्या की वाद्याचा निम्मा इतिहास कळतो.

अमेरिकन पॉटच्या पाठीवर किंवा कडेवर सहसा सहा किंवा सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे उत्पादकाचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. शेवटचे दोन आकडे वर्षातला आठवडा दाखवतात आणि मधला एक किंवा दोन आकडे वर्ष. म्हणजे १३७६६१२ हा पॉट सीटीएस कंपनीने १९६६ च्या बाराव्या आठवड्यात बनवला. मधला आकडा एकच असेल तर दशक आपल्याला इतर पुराव्यांवरून ठरवावे लागते: ३०४८२५ हा पॉट १९४८ चा असेल किंवा १९५८ चा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या वाद्यांत हे आकडे बहुधा सापडत नाहीत, आणि ते नसणे हा संशयाचा मुद्दा नाही.

या आकड्यांचा अर्थ लावताना नवखी माणसे एक चूक हटकून करतात, म्हणून ती सविस्तर सांगतो. पॉटची तारीख वाद्याची तारीख सांगत नाही. तो पॉट मूळचा असेल, तर वाद्य त्याआधी पूर्ण झालेले नसणार, एवढेच ती सांगते. कारखान्यात पॉटचा साठा असे आणि तो कधी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चाले. फेंडर कारखान्यात १९६६ च्या तारखेचे पॉट त्यानंतर कित्येक वर्षे वापरले गेले, हे प्रसिद्ध आहे. त्यामुळे १९६६ चा पॉट असलेले वाद्य १९६८ चे असू शकते. १९६२ चे असू शकत नाही, जोवर तो पॉट नंतर बसवलेला नाही.

आणि तो नंतर बसवलेला आहे की नाही, हे सोल्डर सांगते. एकदा १९४० च्या दशकाच्या अखेरची म्हणून दाखवलेली एक लॅप स्टील मी मालकासमोर उघडली. आवाजाच्या पॉटवर १९६६ चे आकडे होते, आणि ते वाचताच मालकाचा चेहरा उतरला. पण शेजारच्या टोनच्या पॉटवर स्टॅकपोलचे जुने आकडे होते, त्याचे सोल्डर राखाडी आणि निस्तेज होते, त्यावर धुळीचा अखंड थर होता आणि वायरीचे कापडी आवरण तपकिरी पडलेले होते. आवाजाच्या पॉटवरचे सोल्डर मात्र चकचकीत होते, त्याच्या भोवती फ्लक्सची (सोल्डर करताना वापरतात त्या राळेची) पिवळी गोळी तशीच राहिली होती आणि अर्थिंगची वायर प्लास्टिकच्या आवरणाची होती. उलगडा सोपा होता: सर्वांत जास्त फिरवला जाणारा पॉट खराब झाला, कोणीतरी तो बदलला आणि बाकी काही हलवले नाही. वाद्य सांगितलेल्या काळातलेच होते. एकाच पॉटवरून मालकाने किंवा मी निष्कर्ष काढला असता तर एक चांगले वाद्य हातचे गेले असते.

म्हणून आत पाहताना प्रत्येक जोडाचे सोल्डर वेगवेगळे पाहावे. न हललेला जोड मंद, एकसंध आणि धुळकट असतो. पुन्हा तापवलेला जोड चकाकतो, किंवा त्याच्या आसपासच्या वायरीचे आवरण वितळलेले, काळवंडलेले असते. पिकअपच्या दोन्ही वायरींचे जोड जुने असतील, तर पिकअप निदान वायरिंगपुरता तरी कधी निघालेला नाही असे मानता येते, आणि खरेदीदाराला मिळू शकणारा हा सर्वांत मोलाचा दिलासा आहे.

कपॅसिटर जुन्या वाद्यात मेणाच्या कागदी नळीसारखे किंवा चपट्या चकतीसारखे असतात. नवा रंगीत प्लास्टिकचा कपॅसिटर दिसला तर तो बदललेला आहे. त्याने किंमत थोडी उतरते, पण घाबरण्याचे कारण नाही.

सातवी पायरी: पिकअप

स्टील गिटारच्या अस्सलपणाचा खरा कस पिकअपवर लागतो, कारण चोरीला जाणारा भाग तोच आहे. गिब्सनच्या १९३० च्या दशकातल्या 'ईएच-१५०' मध्ये असलेला पट्टीचा पिकअप जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिकअपच्याच जातीचा आहे, आणि तो काढून स्पॅनिश गिटारमध्ये बसवण्याचा मोह अनेकांना झाला. फेंडरच्या 'स्ट्रिंगमास्टर'चे पिकअपही असेच इतर गिटारींसाठी उचलले गेले. त्यामुळे बॉडी, रोगण, खुंट्या सगळे निर्दोष असूनही पिकअप परका असू शकतो.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधी पिकअपच्या भोवतीची पोकळी पाहावी: ती कारखान्यातल्या यंत्राने स्वच्छ कोरलेली आहे, की छिन्नीने मोठी केली आहे. मग माउंटिंगचे स्क्रू आणि त्यांची भोके जुळतात का ते पाहावे. त्यानंतर मल्टिमीटरने पिकअपचा रोध मोजावा. आकडा शून्याजवळ किंवा अनंत आला तर गुंडाळी बिघडलेली आहे. आकडा आला, तर त्याच मॉडेलच्या दोन-तीन अन्य वाद्यांच्या आकड्यांशी तो ताडून पाहावा. एकट्या आकड्यावरून पिकअप मूळचा ठरत नाही. मात्र तो फारच वेगळा असेल तर पुन्हा गुंडाळल्याची शंका घ्यावी. गुंडाळी उघडी दिसत असेल तर जुन्या तारेवरचे एनॅमल गडद तपकिरी-जांभळट असते आणि नवी तार बहुधा तांबूस, उजळ असते.

पुन्हा गुंडाळलेला पिकअप चांगल्या कारागिराने केला असेल तर वाजायला उत्तम असतो. मला तो कधीच खटकत नाही. खटकते ती न सांगता केलेली विक्री.

काही कुळांच्या खास जागा

रिकनबॅकर कंपनीची १९३२ पासून विकली गेलेली ओतीव ॲल्युमिनियमची 'फ्राइंग पॅन' ही व्यापारी तत्त्वावर यशस्वी झालेली पहिली विजेवरची गिटार मानली जाते. तिचा पिकअप नालाच्या आकाराच्या दोन चुंबकांचा असून तारा त्या चुंबकांच्या कमानीतून जातात. दुसऱ्या महायुद्धाआधी हे चुंबक दीड इंच रुंद असत आणि नंतर ते सव्वा इंचावर आले. साधी पट्टी टेकवून हे मोजता येते, आणि युद्धपूर्व म्हणून सांगितलेल्या वाद्याची ही पहिली परीक्षा आहे. दुसरी परीक्षा नावाची: जुन्या पाट्यांवर आडनावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'के' अक्षराऐवजी 'एच' असे, आणि हे १९५० च्या आसपासपर्यंत चालले. या पिकअपचे पेटंट जॉर्ज बोशाँ यांच्या नावे १९३७ मध्ये मंजूर झाले, म्हणून ज्या पाटीवर पेटंटचा क्रमांक कोरलेला आहे ती त्याआधीची असू शकत नाही.

याच कंपनीच्या १९३५ पासूनच्या काळ्या बेकेलाइटच्या लॅप स्टील आवाजासाठी विशेष नावाजलेल्या आहेत. त्यांची नेक बॉडीला स्क्रूने जोडलेली असल्यामुळे दोन वाद्यांची अंगे एकत्र करणे सोपे आहे. जोडाची रेघ, काळ्या रंगाची छटा आणि दोन्ही भागांची झीज ताडून पाहावी. बेकेलाइट ठिसूळ असते, म्हणून स्क्रूंच्या भोवती आणि नेकच्या जोडापाशी नखाने चाचपून भेगा शोधाव्यात. काळ्या रंगाने किंवा शू-पॉलिशने झाकलेली भेग डोळ्यांना दिसत नाही, पण नखाला लागते.

नॅशनल कंपनीच्या तीन शंकूंच्या धातूच्या गिटारींत फसगतीची जागा नेकची आहे. हवाईयन वादनासाठी त्यांची नेक चौकोनी आणि बॉडीबरोबरच धातूची, पोकळ असे. गोल लाकडी नेकच्या स्पॅनिश आवृत्तीला मात्र बाजारात बरीच जास्त किंमत मिळते. त्यामुळे चौकोनी नेक कापून गोल नेक बसवलेली वाद्ये पुष्कळ आहेत, आणि त्यांतली सगळीच तशी सांगून विकली जात नाहीत. स्टील वादकाला याचा उलटा फायदा होतो: अस्सल चौकोनी नेकचे वाद्य त्यामानाने स्वस्त मिळते. या मालिकेतल्या साध्या बॉडीला 'स्टाइल १' म्हणतात. २, ३ आणि ४ या क्रमांकांवर अनुक्रमे रानगुलाब, लिली ऑफ द व्हॅली आणि शेवंतीचे कोरीवकाम असते. या बॉडी जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांना चुंबक चिकटत नाही. लहानसा कमजोर चुंबक बॉडीला लावून पाहावा. तो चिकटला तर बॉडी पोलादाची आहे आणि सांगितलेले मॉडेल चुकीचे आहे. जोरदार चुंबक वापरू नये आणि कोणताही चुंबक विजेवरच्या वाद्याच्या पिकअपजवळ नेऊ नये. आतला शंकू बदललेला असणे सामान्य आहे, कारण पातळ ॲल्युमिनियम तारांच्या दाबाने बसते.

फेंडरच्या १९५३ मध्ये आलेल्या स्ट्रिंगमास्टरला प्रत्येक नेकवर दोन पिकअप असतात. या बहु-नेक वाद्याच्या नेक सुट्या करून एकेक विकण्याचे प्रकार झाले आहेत, आणि अशी सुटी नेक कधी कधी कारखान्यातल्या एका नेकच्या 'डीलक्स' मॉडेलच्या नावाने दाखवली जाते. लांबीच्या दोन्ही कडा बोट फिरवून तपासाव्यात. जोडाच्या जागी बुजवलेली भोके, एका कडेवर नवे आणि दुसरीवर जुने रोगण, किंवा अर्ध्यावरच थांबलेली वायरींची खाच दिसली की उत्तर मिळाले. अशी सुटी नेक वाजवायला तितकीच गोड असते. तिची किंमत फक्त सुट्या नेकची द्यावी.

पेडल स्टील

पेडल स्टीलमध्ये वरच्या भागापेक्षा खालच्या यंत्रणेकडे जास्त वेळ द्यावा. वाद्य उलटे करून मऊ कापडावर ठेवावे आणि दांड्या, कोपरकांड्या, चेंजर (तारांचा ताण बदलणारा भाग) आणि गुडघ्यांचे लिव्हर पाहावेत. १९५० आणि १९६० च्या दशकांत लिव्हर कमी असत. वादनशैली बदलली तसे पुढच्या मालकांनी ते वाढवले. म्हणून शो-बड किंवा एमन्स या कंपन्यांच्या जुन्या वाद्याला जास्तीचे लिव्हर असणे नवलाचे नाही, आणि वाजवणाऱ्यासाठी तो फायदाच आहे. पण ते भाग त्याच कंपनीचे आहेत का, त्यांच्यासाठी लाकडात नवी भोके पाडली आहेत का, आणि जुनी भोके रिकामी आहेत का, याची नोंद करावी. एमन्सची १९६० च्या दशकातली 'पुश-पुल' यंत्रणा बदलून नंतरच्या पद्धतीची 'ऑल-पुल' यंत्रणा बसवलेली असेल, तर ते वाद्य नावाने जुने पण चालण्यात नवे आहे, आणि त्याचा भाव त्याप्रमाणेच ठरतो. जस्ताच्या ओतीव भागांना बारीक भेगा पडतात. टॉर्च तिरपी धरून त्या पाहाव्यात.

व्यवहार

सगळ्या नोंदी समोर मांडल्यावर प्रत्येक भागापुढे 'मूळचा', 'त्याच काळातला पण बदललेला', 'नवा' किंवा 'ठरवता आले नाही' यांपैकी एक शब्द लिहावा. शेवटचा रकाना रिकामा ठेवण्याची घाई करू नये. ज्या भागांविषयी ठरवता आले नाही, त्यांची किंमत बदललेल्या भागांसारखीच धरावी. वाद्य दुरून मागवत असाल तर पोहोचल्यावर उघडून पाहण्यासाठी निदान दोन दिवसांची मुदत आणि परतीची अट लेखी घ्यावी, आणि पावतीवर विक्रेत्याने 'ओरिजिनल' हा एक शब्द न लिहिता कोणते भाग मूळचे आहेत ते नावानिशी लिहावे असा आग्रह धरावा. देशाबाहेरून मागवताना लाकडाचीही चौकशी करावी: ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे, आणि त्याचा फ्रेटबोर्ड असलेले वाद्य कागदपत्रांशिवाय सीमेवर अडकू शकते.

पैसे देण्यापूर्वी पेटी मागावी. मूळ पेटीच्या मखमलीत वाद्याचा आकार उमटलेला असतो, आणि ब्रिजच्या झाकणाचा, खुंट्यांचा किंवा पायांच्या तबकड्यांचा दाब नेमका कुठे पडला होता हे त्या ठशात दिसते. वाद्य त्यात घट्ट बसते की हलते, हे एका क्षणात कळते. शेवटी पेटीतल्या छोट्या कप्प्याचे झाकण उघडून आत हात घालावा. जुना पॉट, तुटलेली खुंटीची कळी, काढून ठेवलेले क्रोमचे झाकण, एखादा गंजलेला बार अशा वस्तू तिथे वर्षानुवर्षे पडून असतात, आणि मूळ मालकाने काय बदलले व काय जपून ठेवले ते त्यांच्यावरूनच कळते. त्या वस्तू वाद्याबरोबरच मागून घ्याव्यात.